रिकामा रकाना

1994 च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत रवांडात तुत्सी समाजातले निदान पाच लाख लोक मारले गेले. बहुतेक अंदाज त्याहून बरेच वरचे आहेत. सरकार एक, चिथावणी एक, तरी एका गावात लगेच कत्तल आणि दुसरीकडे कित्येक दिवस शांतता, असं का, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न होता.

बुतारे प्रांताचं उत्तर माहीत होतं. तिथले प्रमुख झाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातले एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख. त्यांनी जवळजवळ दोन आठवडे हत्या रोखून धरल्या. मग त्यांना पदावरून काढलं, 19 एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी बुतारेत भाषण केलं आणि तिथेही संहार सुरू झाला. पुढे हाब्यालिमानांनाही मारलं.

एक माणूस आडवा उभा राहिला तर काय होतं, ते यात दिसत होतं. अशा आणखी जागा शोधायची मला ओढ लागली आणि तिथेच मी चुकले.

माझा आधार होता गाचाचा न्यायसभांचा. गावकऱ्यांसमोर चाललेल्या संहाराच्या या खटल्यांतल्या आरोपींची संख्या मी 1991 च्या जनगणनेशी ताडून पाहत होते. तक्त्यात काही गावांपुढचे रकाने कोरे होते. कोऱ्या रकान्यांमुळे गणित अडत होतं, म्हणून एका आज्ञेत मी त्या सगळ्यांत शून्य भरलं. नकाशावर ती गावं फिकट पिवळी उमटली. मी त्यांना 'संयमाची गावं' म्हटलं. हमरस्त्यापासूनचं अंतर, मिश्र विवाह, अशी कारणं जुळवण्यात वर्ष घालवलं.

एका चर्चासत्रात संहारातून वाचलेल्या एक बाई नकाशाजवळ आल्या. एका पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे माझी मावशी राहायची. तिच्या घरातलं कोणी उरलं नाही. आरोप नोंदवायचा कोणी?"

मी परत नोंदी काढल्या. काही गावांची कागदपत्रं आलेलीच नव्हती. काही ठिकाणी जनगणनेत तुत्सी कुटुंबं होती, वाचलेल्यांच्या यादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. जिथे सर्वांत जास्त मारलं गेलं असावं, तिथेच मी शून्य लिहिलं होतं.

या नकाशावरचा निबंध मागे घेतला. वर्ष वाया गेलं, त्याचं दुःख ओसरलं. त्या बाईंसमोर त्यांच्या मावशीचं मरण मी 'घडलं नाही' म्हणून मांडलं होतं, ते मात्र मनातून जात नाही.

नव्या नकाशात ती गावं राखाडी आहेत. त्यांतल्या प्रत्येकापुढे एक टीप आहे: ही नोंद कोण देऊ शकलं असतं, आणि ते माणूस आज आहे का.