कुर्ल्याचा आवाज

कुर्ला पश्चिमेला राहणाऱ्या नावेद शेख या विशीतल्या मुलाने २०१४ मध्ये ‘आफत’ हे रॅप गाणं यूट्यूबवर टाकलं. स्वतःला तो नेझी म्हणवतो. गाणं रेकॉर्ड केलं आयपॅडवर, व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला आणि बीट इंटरनेटवरून उतरवला. मी आवाज मुद्रित करण्याचं आणि मिक्सिंगचं काम करतो. घरगुती रेकॉर्डिंग लावलं की कान आधी दोष शोधतो. इथे दोष सापडायच्या आत शब्द अंगावर आले.

हिंदी चित्रपटगीतात स्वर लांबवायला जागा असते. सुरावट तिथेच फुलते. रॅपमध्ये चार ठोक्यांचं माप ठरलेलं, त्यात जे सांगायचं ते बसवायचं. म्हणून सगळा भार व्यंजनांवर येतो. नेझीच्या तोंडून ट, ठ, क, ख तबल्याच्या बोलांसारखे पडतात. याचं बरंचसं श्रेय मी त्याच्या बोलीला देतो. हिंदी, उर्दू, मराठी, दखनी एकमेकांत मिसळून झालेली ही मुंबईची भाषा शब्दांची शेपटं गिळते, क्रियापदं आखडते. शुद्ध हिंदीत जे दोन ओळी खाईल ते तिच्यात एका दमात बसतं. शाळकरी वयात त्याने जमैकाच्या शॉन पॉलचं ‘टेम्परेचर’ पाठ केलं होतं. त्या गाण्याची बोली इथल्या मुलाला कुठून कळणार? पण लय जिभेवर बसली, आणि पुढे तिच्यात कुर्ल्याचे शब्द भरले गेले.

कुर्ल्याची ओळख सांगताना लोक गर्दी आणि गुन्हेगारीवर थांबतात, याचा मला राग येतो. इथे स्वदेशी मिल होती, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. भोंग्यावर चालणारी कामगारवस्ती होती ही. शेजारच्या घाटकोपरच्या चिरागनगरात शाहीर अण्णाभाऊ साठे राहत होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांसह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हाही वस्तीची भाषाच मंचावर आली होती. नेझीने शाहिरी ऐकली होती असा माझा दावा नाही. पण डफाच्या तालावर उभं राहून तोंडावर बोलणं या भागाला नवं नाही.

पुढचं वेगाने घडलं. दिशा रिंदानी यांनी नेझीवर ‘बॉम्बे ७०’ हा लघुपट केला. नावातला आकडा कुर्ल्याच्या पिनकोडचा. २०१५ मध्ये अंधेरीच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं. बीट दिल्लीच्या सेझचा, कंपनी सोनी. दिग्दर्शक झोया अख्तर यांनी ‘आफत’ पाहिलं होतं. डिव्हाइन आणि नेझी यांच्यापासून प्रेरित झालेला त्यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. नायकाचं घर मात्र धारावीत गेलं. चित्रपट मला आवडतो. तरीही त्यानंतर रॅपर म्हटलं की आधी त्याची गरिबी विचारायची खोड लागली, याचं दुःख आहे. लिहिण्याची मेहनत, पाठांतर, श्वासाचा हिशेब याबद्दल कोणी विचारत नाही.

नेझी स्वतः मध्ये थांबला. २०१८ च्या सुमारास घर आणि धर्म यांच्या ओढीने तो गाण्यापासून दूर झाला, परतला, २०२० मध्ये ‘मग़रेब’ हा अल्बम केला आणि २०२४ मध्ये बिग बॉस ओटीटीत उपविजेता ठरला. चढत्या आलेखात हे बसत नाही, पण ते खरं आहे आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो त्यामुळेही.

आता चाळींतून, झोपडपट्ट्यांतून मुलं माझ्याकडे येतात, पहिलं मागणं असतं आवाज ‘क्लीन’ करून देण्याचं. मी पंख्याची घरघर काढतो. दोन ओळींमधला श्वास काढायला सांगितला तर वाद घालतो, आणि उच्चार सुधारून पुन्हा घेऊ का असं मुलाने विचारलं तर नको म्हणतो.