मुंडक्यांच्या शोधात तीन जगं

फिरायला निघालं की घरचे आधी विचारतात, तिकडून काय आणणार? बनारसहून साडी, कोल्हापूरहून चप्पल, म्हैसूरहून चंदनाचा साबण. मी ज्या प्रदेशाबद्दल लिहिते आहे तिथून लोक मुंडकी आणतात. घाबरू नका. ही मुंडकी चौकोनी असतात, त्यांना रक्तबिक्त काही नसतं आणि ती शोभेसाठी भिंतीवर लावतात.

हा प्रदेश म्हणजे माइनक्राफ्ट. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर नाव कानावर पडलंच असेल. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये या गेमची पूर्ण आवृत्ती आणली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली. डोंगर, नदी, झाड, गाय, सगळं ठोकळ्यांचं. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. मधोमध उभं राहिलं तर कोणत्याही दिशेला जवळजवळ तीन कोटी ठोकळे जमीन आहे. न थांबता, न झोपता चालत राहिलात तर टोक गाठायला साधारण ८० दिवस लागतील. हे आपल्या घड्याळातले दिवस बरं का, गेममधले नाहीत.

एवढ्या मोठ्या मुलखात बाकी सगळं पोत्याने मिळतं. लाकूड तोडा, दगड फोडा, हिरेसुद्धा खणले की निघतात. मुंडकी मात्र तशी मिळत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक ठिकाणी, ठरावीक हवेत जावं लागतं. म्हणून एखाद्याच्या गेममधल्या घरात शिरल्यावर मी आधी भिंती बघते. हा माणूस कुठवर फिरून आला आहे ते तिथे कळतं.

आमचं असं एक घर आहे. आम्ही पाच भावंडं, मावस आणि चुलत मिळून, इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि ठाणे अशी विखुरलेली. दादाच्या जुन्या संगणकावर आमचं एक सामाईक जग चार वर्षांपासून चालू आहे आणि त्यात चौकाचा एक वाडा आहे. वाड्याचा नियम एकच. भिंतीवर लावायचं मुंडकं स्वतः जाऊन आणायचं. आज्ञा टाइप करून मागवायचं नाही.

पावसाची वाट

गेममध्ये सात प्रकारची मुंडकी आहेत: सांगाडा, विदर सांगाडा, झोंबी, क्रीपर, पिग्लिन, ड्रॅगन आणि माणूस, म्हणजे खेळाडू. पहिली पाच २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आली, ड्रॅगनचं २०१६ मध्ये आणि पिग्लिनचं २०२३ मध्ये.

झोंबीला तलवारीने मारून त्याचं डोकं पडत नाही. त्याला क्रीपरनेच उडवावं लागतं, आणि तेही वीज पडलेल्या क्रीपरने. क्रीपर हा चार पायांचा हिरवा मुका प्राणी. तुमच्यापासून तीन ठोकळ्यांवर आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. वादळात त्याच्याजवळ वीज पडली तर तो निळा चमकायला लागतो आणि दुप्पट जोरात फुटतो. त्या स्फोटात झोंबी मेला तर झोंबीचं मुंडकं, सांगाडा मेला तर सांगाड्याचं, दुसरा क्रीपर मेला तर क्रीपरचं. आम्ही संगणकावरची जावा आवृत्ती खेळतो. तिच्यात एका स्फोटाला एकच मुंडकं, मग भोवती दहा झोंबी का असेनात.

वीज आपोआप पडायची वाट बघत बसलं तर वर्ष जाईल. त्यासाठी चॅनेलिंगचा मंत्र चढवलेलं त्रिशूळ लागतं. वादळ चालू असताना, उघड्या आभाळाखाली ते क्रीपरवर फेकलं की वीज तिथेच उतरते. झोंबी पळून जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत होडी ठेवायची. तो आपण होऊन होडीत बसतो आणि मग उठत नाही. कोरड्या जमिनीवर होडीत बसलेला झोंबी, वर गडगडाट, आणि आपण निळ्या क्रीपरला मागे लावून पळतो आहोत. या प्रदेशात पावसाळी सहल म्हणतात ती हीच. रात्री कोणी चुकून पलंगावर झोपलं तर वादळ संपतं, त्यामुळे आमच्याकडे गडगडाट ऐकू आला की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, कोणी झोपू नका रे.

सांगाड्याची कवटी मिळवायचा आणखी एक मार्ग आहे, पण तो भित्र्यांसाठी नाही. जमिनीखाली खूप खोल प्राचीन नगरी असतात. २०२२ मध्ये त्या गेममध्ये आल्या. तिथे मेणबत्त्यांजवळ कवट्या आयत्या मांडलेल्या असतात. मात्र तिथे पावलाचाही आवाज करायचा नाही, कारण वॉर्डन नावाचा आंधळा राक्षस आवाजावर येतो. वाकून, हळूहळू, देवळाच्या गाभाऱ्यात जातो तसं जायचं, कवटी उचलायची आणि तसंच परत यायचं. मला विचाराल तर अख्ख्या गेममधली सर्वात सुंदर जागा ही आहे.

तापलेला मुलूख

ऑब्सिडियन या काळ्या दगडाची चौकट उभी करून ती पेटवली की नेदरचं दार उघडतं. नेदरमध्ये आभाळ नाही, पाणी ओतलं तर वाफ होते आणि लाव्हाचे समुद्र आहेत. तिथे एक पाऊल टाकलं की वरच्या जगात आठ पावलं पुढे जाता, म्हणून लांबच्या प्रवासाला लोक नेदरमधून रस्ते काढतात.

इथल्या काळपट विटांच्या किल्ल्यांत विदर सांगाडे राहतात. त्यांच्या कवट्यांना वीज लागत नाही, चिकाटी लागते. शंभरात अडीच, म्हणजे चाळीस मारल्यावर सरासरी एक कवटी. तलवारीवर लूटिंगचा तिसरा दर्जा असेल तर शंभरात साडेपाच. हे सांगाडे उंच असतात, दोन ठोकळे उंचीच्या बोळात मावत नाहीत. म्हणून जाणकार लोक बोळात उभे राहून लढतात. एक सावधगिरी सांगून ठेवते. सोल सँड नावाच्या वाळूच्या चार ठोकळ्यांवर या तीन कवट्या ओळीने मांडल्या, आणि खालचा आकार इंग्रजी टी सारखा झाला, तर शोभा होत नाही, तीन डोक्यांचा विदर जिवंत होतो. दिवाणखान्यात हे करू नये.

पिग्लिनचं मुंडकं सगळ्यात कटकटीचं. हे डुक्करतोंडे लोक नेदरमध्ये राहतात, सोनं घातलेल्याला त्रास देत नाहीत. पण नेदरमध्ये पाऊस नाही, म्हणजे वीज नाही. पिग्लिनला वर आणावं तर १५ सेकंदांत तो झोंबी होतो आणि मग उपयोग नाही. उरतं ते निळ्या क्रीपरला आपल्या मागे चालवत, तीन ठोकळ्यांचं अंतर राखत, दारातून नेदरमध्ये उतरवणं. आमच्या वाड्यात पिग्लिनचं एकच मुंडकं आहे आणि ते हैदराबादच्या बहिणीने आणलेलं आहे. ती हे विसरू देत नाही.

शेवटचं बेट

ड्रॅगनचं मुंडकं ड्रॅगनला मारून मिळत नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एंड नावाच्या तिसऱ्या जगात जाऊन ड्रॅगनला हरवायचं, मग तिथे उघडलेल्या छोट्या दारात एंडर मोती फेकायचा. तुम्ही हजारभर ठोकळे दूर, बाहेरच्या बेटांवर पडता. खाली तळ नसलेला अंधार. बेटांवर जांभळे मनोरे असतात आणि त्यातल्या काहींच्या शेजारी हवेत एक जहाज तरंगत असतं. त्या जहाजाच्या नाळेवर ड्रॅगनचं मुंडकं बसवलेलं असतं. एका जहाजावर एकच. आत पंखही मिळतात, त्यामुळे जाताना जीव मुठीत धरून गेलेली माणसं येताना उडत येतात.

घरी आणल्यावर

मुंडकं जमिनीवर १६ दिशांना वळवून ठेवता येतं, भिंतीवर चारच दिशांना. पूर्ण ठोकळ्याच्या निम्म्या उंचीचं असल्यामुळे, जिथे सगळं जाडजूड आहे तिथे ते नाजूक वस्तूसारखं दिसतं. ड्रॅगनच्या मुंडक्याला रेडस्टोनची वीज जोडली की जबडा उघडमिट होतो, पिग्लिनचे कान हलतात. नोट ब्लॉकवर मुंडकं ठेवून बटण दाबलं तर त्या प्राण्याचा आवाज येतो. आमच्या दाराची घंटा पिग्लिनच्या घुरघुरीची आहे. डोक्यावरही घालता येतं. झोंबीचं घातलं तर जावा आवृत्तीत झोंबींना तुम्ही निम्म्याच अंतरावरून दिसता. ड्रॅगनचं घालून चाललं की जबडा चालतो, आणि कितीही गंभीर माणूस असला तरी त्याचं हसं होतं.

राहिलं माणसाचं. हे साध्या खेळात कुठेच मिळत नाही. आज्ञा टाइप करून कोणत्याही खेळाडूचं मागवता येतं, पण वाड्याचा नियम आडवा येतो. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत तर ते फक्त स्टीव्ह या ठरावीक पात्राच्या चेहऱ्याचं असतं. आमच्या सर्व्हरवर आम्ही व्हॅनिला ट्वीक्सचा एक छोटा डेटापॅक घातला आहे. एका खेळाडूने दुसऱ्याला मारलं की मेलेल्याचं मुंडकं पडतं. मेलेला काही क्षणांत आपल्या पलंगावर उठतो, त्यामुळे यात दुःख नाही.

पडलेल्या मुंडक्यावर त्या दिवसाचाच चेहरा राहतो. खेळाडूने पुढे रूप बदललं तरी भिंतीवरचा बदलत नाही. आणि रूप तर कोणीही चितारू शकतं, चेहऱ्याची एक बाजू म्हणजे आठ गुणिले आठ, ६४ रंगीत चौकोन. दादाने याचा भलताच उपयोग केला. त्याने चेहऱ्याच्या जागी विटा आणि वर हिरवी पानं रंगवली, ते रूप घालून आला आणि बहिणीकडून मारून घेतला. चौकातलं आमचं तुळशीवृंदावन म्हणजे खरं तर दादाचं मुंडकं आहे.

गेल्या वर्षी दादा शिकायला जर्मनीला गेला. जायच्या आदल्या रविवारी रात्री तो वाड्याच्या ओसरीवर चिलखत काढून उभा राहिला आणि म्हणाला, घ्या एकेक. बडोद्याच्या भावाने एका फटक्यात घेतलं. हैदराबादच्या बहिणीने घेतलं, मी घेतलं. प्रत्येक वेळी दादा माडीवरच्या पलंगावरून उठून जिना उतरून परत ओसरीवर. चौथी धाकटी, तेरा वर्षांची. तिने तलवार खाली टाकली. अंगणातलं एक लाल फूल हातात घेतलं आणि त्याने मारायला लागली. फुलाच्या फटक्याने अर्धंच हृदय जातं, माणसाला दहा हृदयं, आणि दादाचं पोट भरलेलं असल्यामुळे ती मधूनमधून भरूनही येत होती. बराच वेळ चाललं ते. कॉलवर कोणी काही बोलत नव्हतं. शेवटी दादाच म्हणाला, अगं जोरात मार, मला बॅग भरायची आहे.

आता दादाने रूप बदललं आहे, दाढी आणि निळी टोपी. आमच्या चार खोल्यांत मात्र चार कुरळ्या केसांचे दादा आहेत. तो येतो, पण आमचे रात्रीचे दहा म्हणजे त्याचे साडेपाच किंवा साडेसहा. तेव्हा तो वर्गात नाहीतर बसमध्ये असतो.

दिवाळीत आजीला आम्ही टीव्हीवर वाडा दाखवला. "माणसांची मुंडकी लावतात का रे घरात?" असं म्हणून आधी ती रागावली. मग देवघराशेजारच्या आजोबांच्या फोटोकडे बघून जरा थांबली आणि म्हणाली, "यात मी कुठे आहे?" आज्ञा टाइप केली तरी काही उपयोग नाही, आजीचं खातंच नाही. पण धाकटीला तुळशीची युक्ती आठवली. ती आता स्वतःच्या खात्यावर आजीचं रूप चितारते आहे. कुंकू एका चौकोनात बसलं. पांढऱ्या केसांचा अंबाडा मागच्या बाजूला छान जमला. चष्म्याला जागा पुरत नाही म्हणून दोनदा खोडून झालं आहे.

रूप झालं की ती ते घालून ओसरीवर येणार. तेव्हा आजीच्या चेहऱ्याला मारायचं कोणी, हे अजून ठरलेलं नाही. आजी म्हणते, फुलानेच मारा.