पिक्चर ट्यूब खराब होते!

तुमच्याही घरी होता का हो हा डायलॉग? आमच्याकडे रोज असायचा. मे महिन्याची सुट्टी, टीव्हीसमोर मांडी ठोकून मी आणि दादा, समोर ‘काँट्रा’ आणि मागून बाबांचा आवाज, ‘‘बंद करा ते! पिक्चर ट्यूब खराब होते.’’ एका सुट्टीत तर गेमची वायरच गायब झाली. मी जाम भांडले होते. त्यानंतर बाबा आणि मी... म्हणजे बोलतो, पण ‘जेवलीस का?’ आणि ‘बस मिळाली का?’ एवढंच.

मागच्या महिन्यात नाशिकला घरी गेले, तेव्हा बॅगेत माझा लाडका रास्पबेरी पाय होता. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर, त्यात एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. हॉलमधल्या 43 इंची एलईडीला जोडला आणि 1985 चा ‘सुपर मारिओ’ सुरू केला. पहिल्याच खड्ड्यात धप्प! पुन्हा धप्प. वाटलं, संपलं, आपलं वय झालं!

पण दोष बोटांचा नव्हता. गेमचं चित्र जेमतेम 240 ओळींचं. नवा टीव्ही ते ताणून, घासूनपुसून दाखवतो आणि त्यात क्षणभर उशीर करतो. बटण आत्ता दाबलं, उडी जरा नंतर. जुना डबा टीव्ही मात्र सिग्नल येईल तसा एकेक ओळ काचेवर रंगवत जातो. शिवाय ओळींमधल्या बारीक काळ्या फटींमुळे चौकोनी ठिपक्यांचा मारिओ गोल, गुबगुबीत दिसतो. त्या काळातले गेम याच पडद्यासाठी बनलेले होते ना!

आतल्या खोलीत आमचा 1998 चा 21 इंची ओनिडा होताच. रविवारी भंगारवाला येणार, असं आईने जाहीर केलेलं. म्हणजे हातात एकच दिवस!

वायर लावली. पिवळी पिन पिवळ्या भोकात. पडदा काळाच. सेटिंगमध्ये तासभर खुडबुड केली. शून्य! कॉटवर पेपर वाचत बसलेले बाबा एकदम म्हणाले, ‘‘ती लाल पिन पिवळ्यात घालून बघ.’’

घातली. आणि चित्र आलं!

या वायरींमध्ये आतली जोडणी वेगवेगळी असते. पायच्या ऑडिओ जॅकमधून येणारं चित्र कधीकधी लाल पिनेतून बाहेर पडतं. मी नंतर वाचलं. बाबांनी काहीच वाचलं नव्हतं. ‘‘तुमची वायर लपवायच्या आधी सगळ्या पिना बघितल्या होत्या मी,’’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘हप्त्यावर घेतला होता गं टीव्ही. दुसरा घेणं जमलं नसतं.’’

वीस वर्षांचा राग, आणि उत्तर एवढंसं. मी काहीच बोलले नाही. दुसरा गेमपॅड त्यांच्या हातात दिला.

रविवारी भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला. आता आईचा फोन येतो, ‘‘दुपारी झोपत नाहीत. मारिओ पॉझ करून जेवायला येतात.’’

तेच चित्र तासन् तास राहिलं, तर ट्यूबवर खरंच डाग पडतो. म्हणून मी सांगितलं, ‘‘बाबांना फोन दे. म्हणावं, बंद करा ते! पिक्चर ट्यूब खराब होते.’’