काचेतला चेहरा

जी व्यक्ती कधी जन्मासच आली नाही, तिचे चरित्र कोणी बिघडविले म्हणून कोणाच्या डोळ्यांत पाणी उभे राहावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. आम्हांसही ती तशीच वाटली होती आणि आम्ही हसलोही होतो. त्या हसण्याला आता पंधरा वर्षे उलटून गेली. परंतु त्याची आठवण आम्हांस अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

२००४ साली आमची बहीण परदेशातून आपल्या मुलीला घेऊन परत आली आणि आमच्याच घरी राहू लागली. मेहुणे नोकरीनिमित्त तिकडेच राहिले. भाची तेव्हा तेरा वर्षांची होती. मराठी समजे, पण बोलताना अडखळे. शाळेतल्या मुली त्या अडखळण्याला हसत, म्हणून ती शाळेत फारशी बोलतच नसे. तिने बरोबर आणलेल्या सामानात निंटेंडो कंपनीचे एक चौकोनी यंत्र होते. संध्याकाळी ती ते माडीवरच्या खोलीत दूरदर्शनसंचाला जोडी आणि तासन्‌तास खेळत बसे. आमची वाचनाची खुर्ची त्याच खोलीत असल्यामुळे, वर्तमानपत्राच्या कडेवरून का होईना, त्या खेळाचा आम्हांस बराच परिचय झाला.

खेळाचे नाव ‘मेट्रॉइड प्राइम’. त्याची नायिका सॅमस आरान. ही बाई प्रथम १९८६ साली जपानात ‘मेट्रॉइड’ या खेळातून अवतरली. नखशिखान्त चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, एका हाताच्या जागी तोफ. अशा थाटात ती परक्या ग्रहांवर एकटीच हिंडे आणि राक्षसी प्राण्यांशी झुंजे. त्या काळच्या खेळाडूंनी तिला पुरुषच मानले होते. खेळ ठराविक वेळेच्या आत संपविला, तरच अखेरीस ते चिलखत उतरे आणि आत स्त्री असल्याचे उघड होई. पुढे १९९४ साली ‘सुपर मेट्रॉइड’ निघाला, आणि २००२ साली अमेरिकेतल्या टेक्सस प्रांतातील कारागिरांनी रचलेला हा ‘प्राइम’. या खेळात सगळे जग तिच्या शिरस्त्राणाच्या काचेतून दिसते. ती जवळजवळ मुकीच आहे. परंतु मधूनच जवळ एखादा लखलखीत स्फोट झाला, की क्षणभर त्या काचेवर आतल्या बाजूने तिचे डोळे उमटतात आणि लगेच नाहीसे होतात.

असा चेहरा प्रथम उमटला तेव्हा भाचीने खेळ थांबविला आणि आम्हांस हाक मारली. “मामा, पाहिलीत ना? ती आत होती!” आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले नव्हते, त्यामुळे आम्हांस काहीच दिसले नाही, पण आम्ही “हो” म्हणालो. न बोलणाऱ्या मुलीला न बोलणारी मैत्रीण मिळाली आहे, एवढे मात्र आमच्याही ध्यानात आले.

मग आले २०१० साल. त्या वर्षी ‘मेट्रॉइड: अदर एम’ हा नवा खेळ निघाला. याची कथा योशिओ साकामोतो यांची. आणि हे गृहस्थ कोणी उपरे नव्हेत, मेट्रॉइडच्या जुन्या कर्त्यांपैकीच ते एक. या खेळात सॅमस बोलू लागली, आणि पुष्कळ बोलू लागली. अॅडम माल्कोविच नावाचा तिचा पूर्वीचा सेनाधिकारी तिला एका उजाड अंतराळयानात भेटतो आणि त्याने आज्ञा केल्यावाचून आपली अस्त्रे वापरायची नाहीत, असे ती आपण होऊन मान्य करते. रिडली नावाचा उडता राक्षस समोर येताच ती लहान मुलीसारखी थिजून जाते. हा खेळ मेहुण्यांनी नव्या यंत्रासह पाठविला होता. भाचीने तो चार दिवसांत संपविला आणि पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळी ती खाली आली ती डोळे लाल करूनच. काय झाले म्हणून विचारता ती म्हणाली, “मामा, त्यांनी तिला बदलून टाकले.” यावर आम्ही हसलो.

हसून थांबलो असतो तरी बरे होते. पण शिकलेल्या माणसाला उपदेशाचा मोह आवरत नाही. आम्ही तिला शकुंतलेचे उदाहरण दिले. महाभारतातील शकुंतला आपल्या मुलाला राज्य मिळावे अशी अट घालून मगच दुष्यन्ताला वरते, आणि तो जाणूनबुजून ओळख नाकारतो तेव्हा भर सभेत त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने तिला लाजरी केले, दुर्वासाचा शाप आणि अंगठी घालून राजाला दोषमुक्त केले, आणि तरीही दीड हजार वर्षे लोक त्या नाटकाला डोक्यावर घेत आहेत. “तेव्हा,” आम्ही म्हणालो, “बदल हा काही गुन्हा नव्हे. आणि तुझा जुना खेळ तर कपाटात आहेच. तो कोणी नेला आहे काय?”

तिने दिलेले उत्तर आम्ही त्या वेळी नीटसे ऐकले नाही. त्याचा अर्थ मागाहून उमगला. ती म्हणाली, “खेळ आहे, मामा. पण आता काचेत तिचे डोळे दिसले, की ती मनात काय म्हणत असेल ते मला ठाऊक असणार. आणि ते मला नको आहे.”

व्यासांची शकुंतला कालिदासाला आड आली नाही, कारण त्याने आपली शकुंतला निराळ्या ग्रंथात निराळ्या नावाखाली उभी केली. व्यासांच्या शकुंतलेच्या मनात हेच होते, असा दावा त्याने केला नाही. ‘पुढचा भाग’ म्हणून जे लिहिले जाते, त्याची तऱ्हा निराळी असते. ते पुढे जाते आणि मागेही जाते. कालपर्यंत जे मौन आपण आपल्या धैर्याने भरले होते, ते वास्तविक भीतीचे मौन होते, असे ते सांगते. आणि कर्त्याचीच सही त्याखाली असल्यामुळे त्यावर अपीलही चालत नाही.

शिवाय खेळाची गोष्ट कादंबरीहून आणखी एका बाबतीत भिन्न आहे. कादंबरीचा नायक गड चढतो तेव्हा आपण खुर्चीत बसलेले असतो. खेळात मात्र चढणारा हात आपलाच असतो. रिडलीला यापूर्वी अनेकदा लोळविले होते ते कोणी? आमच्या भाचीने, दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडेपर्यंत, वीस वेळा हरून एकविसाव्या वेळी. त्या रात्री तिने सारे घर जागे केल्याचे आम्हांस स्मरते. तिलाच जर कोणी येऊन सांगितले, की ‘तू त्याला पाहून थिजतेस’, तर तिने ते का मानावे? ज्याला इतर लोक काल्पनिक चरित्र म्हणतात, ते खेळणाऱ्याच्या लेखी अंशतः आत्मचरित्र असते.

न्यायाने बोलायचे, तर दुसरी बाजूही आहे आणि ती अगदीच लंगडी नाही. रिडलीने सॅमसच्या बालपणी तिचे आईबाप मारले, असे तिचे पूर्ववृत्त आहे. जुनी जखम शूरालाही एखाद्या बेसावध क्षणी पुन्हा वाहू लागते. धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. अॅडमचा उल्लेखही २००२ सालच्याच ‘मेट्रॉइड फ्यूजन’ या दुसऱ्या खेळात आला होता, आणि तेथेही ती आज्ञा घेतच होती. फरक एवढाच, की तेथे अखेरीस ती आज्ञा झुगारून स्वतःच्या बुद्धीने वागते. तेव्हा नायिकेला दुबळेपणाचा क्षण दिला, ही तक्रार आमच्या मते खरी तक्रार नव्हे. त्या दुबळेपणाला मागील पराक्रमाशी जोडून घेण्याचे कष्ट कथाकाराने पुरेसे घेतले नाहीत, ही खरी तक्रार होय. पात्रास नवे मन देण्याचा अधिकार कर्त्याला आहे. परंतु जुन्या मनापासून नव्यापर्यंतची वाट वाचकाला चालून दाखविल्यावाचून तो अधिकार सिद्ध होत नाही.

अशी वाट नुसती सापडली, तरी वाचक किती उदार होतो, याचे उदाहरण वॉटसन डॉक्टरांचे. १८८७ सालच्या पहिल्या कथेत त्यांना गोळी लागली होती खांद्याला. १८९० सालच्या दुसऱ्या कथेत ती जखम पायात उतरली. कॉनन डॉयलसाहेबांना हा घोटाळा निस्तरण्याची गरज भासली नाही. पण शेरलॉक होम्सचे भक्त आजतागायत त्याच्या नाना उपपत्ती मांडून साहेबांची चूक आपल्या पदराखाली झाकीत आले आहेत. प्रेम करणारा वाचक विसंगती सहन करतो, नव्हे, ती हौसेने सांधतो. जेथे सांधण्याजोगे काही उरत नाही, तेथेच तो चिडतो.

हे चिडणे कोठवर जावे, हाही प्रश्न आहे. २०२० साली ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाचा दुसरा भाग निघाला. त्यात पहिल्या भागाचा नायक आरंभीच मारला जातो. त्याला मारणाऱ्या पात्राला जिने आवाज दिला, त्या अभिनेत्रीलाच लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या धाडल्या. याला रसिकता म्हणणे म्हणजे रसिकतेची विटंबना आहे. उलट २०१२ साली ‘मास इफेक्ट’ या खेळमालेच्या तिसऱ्या भागाचा शेवट रुचला नाही, तेव्हा काही खेळाडूंनी वर्गणी काढून कर्त्यांकडे सुमारे ४०० लहान केक पाठविले. त्यांचे रंग तीन, पण चव एकच; शेवट निरनिराळे म्हणून दाखविलेत, वस्तुतः सारे सारखेच, असा त्याचा मतलब. कर्त्यांनी ते केक गरजू मुलांच्या निवाऱ्यास देऊन टाकले आणि त्याच वर्षी शेवटाचा विस्तारही केला. रागालाही विनोदाची जोड मिळाली, तर तो दोन्ही पक्षांना शोभून दिसतो.

पण आमच्या भाचीने कोणाला धमकी दिली नाही की केक पाठविला नाही. ती फक्त एक प्रसंग सांगत राहिली. त्या खेळात एक धगधगता भाग आहे. तेथे सॅमसला आच लागते आणि तिची शक्ती झरझर उतरू लागते. आच निवारण्याचे सामर्थ्य तिच्या अंगावरच्या चिलखतात आहेच. परंतु अॅडमने अद्याप अनुज्ञा दिलेली नाही, म्हणून ती तशीच भाजत पुढे जाते. “मामा,” भाची म्हणाली, “तिच्याकडे ते आहे हो! अंगावरच आहे! नुसते कोणीतरी ‘हो’ म्हणायचे आहे.”

ती हे बोलत असताना आमच्या मेजाच्या डाव्या खणात तिचाच एक कागद पडून होता. दूरच्या शहरात राहून भूगर्भशास्त्र शिकावे अशी तिची इच्छा होती. मेहुण्यांनी पत्राने कळविले होते, की घरात थोरले तुम्ही आहात, तुम्हांस योग्य वाटेल तसे करा. आणि आमची बहीणही आमच्या तोंडाकडे पाहत होती. आमचा विरोध असा नव्हता. मुलगी एकटी, शहर परके, जरा विचार करू, एवढेच आमचे म्हणणे होते. विचार करता करता तीन आठवडे लोटले होते. तिने स्मरण दिले नाही. ती वाट पाहत होती.

त्या रात्री आम्ही खण उघडला आणि सही केली. परंतु मुदत दोनच दिवसांपूर्वी संपली होती. तिचे वर्ष गेले. ती आम्हांस एका शब्दानेही बोलली नाही; पुढच्या वर्षी मात्र तिने अर्ज आपला आपण भरला, पैसे आपले आपण जमविले आणि जाण्याच्या आदल्या दिवशी आम्हांस नमस्कार करून ती गेली. आशीर्वाद आम्ही दिलाच. पण कोणी अनुज्ञा मागितली नसता आशीर्वाद देताना घसा कसा कोरडा पडतो, ते त्या दिवशी कळले.

२०२१ साली ‘मेट्रॉइड ड्रेड’ नावाचा खेळ निघाला. स्पेनमधील कारागिरांनी रचलेला, पण देखरेख त्याच साकामोतोंची. भाची सुट्टीत आली होती, तिने आम्हांस जवळ बसवून घेतले. सॅमस पुन्हा अबोल झाली होती. साऱ्या खेळात ती एकदाच काय ते बोलते, आणि तेही मानवी भाषेत नव्हे. क्रेड नावाचा एक डोंगराएवढा जुना शत्रू साखळदंडांत बांधलेला समोर येतो आणि कानठळ्या बसविणारी गर्जना करतो. ही बाई एक पाऊलही मागे सरत नाही. निवांतपणे हातातली तोफ सज्ज करून उभी राहते. भाची हसली. “बघा मामा, यांना कोणी विचारलेसुद्धा नाही.”

कर्त्याने आपली चूक कबूल केली, असे आम्ही म्हणणार नाही. तसे त्याने कोठे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. तो पुढची गोष्ट निराळी सांगू लागला, इतकेच. झालेले पान फाडता येत नाही. त्याच्या पुढचे पान मात्र आपल्या हाती असते, आणि ते खेळ रचणाऱ्यांना जितके लागू आहे तितकेच खणाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या मामांनाही.

त्या संध्याकाळी आम्ही आपण होऊन तिला तो जुना ‘प्राइम’ लावावयास सांगितले. वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि चष्मा पुसून बसलो. बराच वेळ काही झाले नाही. मग एक स्फोट झाला, काच उजळली, आणि क्षणभर दोन डोळे आम्हांस दिसले.