बाबांचा बोल्ट
बाबांची मारुती ८००, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी. पुढच्या चाकाकडून खडखड यायची, म्हणून लोअर आर्म बदलायला घेतला. नट सुटला, बोल्ट बाहेर येईना. पान्याने ढकलला की जरासा फिरायचा, सोडला की रबरासकट परत जागेवर. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बुशच्या आतल्या नळीला बोल्ट अगदी चिकटून बसला होता.

दोन रात्री तेल मुरवलं. मग हातोडा. आटे चेपले! (नट टोकावर परत चढवून ठोकायचं असतं, हे नंतर कळलं.)

"गॅस लावू?" मी मिस्त्रीकाकांना विचारलं.

"रबर पेटंल रे."

त्यांनी एक्सा ब्लेड दिलं. बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून दोन्हीकडे कापायला दीड तास लागला. आई पायरीवर बसून होती. भंगारात देऊ, असं तीच म्हणत होती.

डोक्याकडच्या तुकड्याला काळं, सुकलेलं ग्रीस होतं. दांडा कोरडा. बाबांनी घाईत लावलं असणार.

नव्या बोल्टला मी टोकापर्यंत ग्रीस फासलं. जॅक काढला, चाकं टेकली, मग शेवटचं आवळायला खाली शिरलो. अधांतरी आवळलं तर रबर पिळलेलं राहतं.

"झालं का?" आईने विचारलं. हातात तिची पर्स होती.