खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारी माणसं

साल १८७८. कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला दक्षिणेकडून आलेल्या दोन भावंडांना मुद्दाम बोलावलं होतं. बहीण विशीतली, भाऊ तिच्याहून थोडा मोठा, दोघंही कर्मठ चित्पावन घरातली. तिथे त्यांना दिसलं ते भलतंच. बाटलेले ब्राह्मण इंग्रजांच्या मांडीला मांडी लावून चहा पीत होते, बिस्किटं खात होते. कलियुग पुरतं भरलं, अशी दोघांची खात्री पटली. मग गाणी झाली. गाणी संपल्यावर सगळे उठले, आपापल्या खुर्चीकडे वळले आणि खुर्चीपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी बोलू लागले. मूर्ती नाही, तसबीर नाही, समया नाहीत. ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात, असा सरळ निष्कर्ष या भावंडांनी काढला.

त्या बहिणीचं नाव रमा अनंतशास्त्री डोंगरे. पुढच्या काळात पंडिता रमाबाई. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, तोही १९०७ साली, केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रमुख म्हणून आपली ‘साक्ष’ देताना. साक्ष हा ख्रिस्ती मंडळींतला रुळलेला प्रकार. आपण प्रभूकडे कसे आलो ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. बहुतेक साक्षी एकाच वळणाने जातात : आधी अंधार, मग एक घटका, मग लख्ख उजेड. रमाबाईंची साक्ष त्या वळणाने जात नाही. तिच्यात नकार फार आहेत आणि ते दोन्ही बाजूंना दिलेले आहेत. ती वाचताना मनात राहते ती भूक आणि वाचन यांची जोडी. पोटात अन्न नसताना ज्या ग्रंथांनी साथ दिली नाही त्यांना त्यांनी जाब विचारला, आणि ज्याला शेवटी आपला ग्रंथ म्हटलं त्यालाही सवलत दिली नाही.

अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीपंडितांनी त्यांना धारेवर धरलं. त्यांनी आपली बाजू धर्मग्रंथांच्याच आधाराने मांडली आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथेच १८५८च्या एप्रिलात रमाचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून. ते पुन्हा एका जागी स्थिरावलंच नाही. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला वाटचालीतच शिकवलं आणि अठरा हजार श्लोकांचं भागवत तिच्या ओठांवर आलं. उपजीविका पुराणं वाचून चाले. देवळात किंवा घाटावर बसायचं आणि संस्कृत पोथी मोठ्याने वाचायची. अर्थ सांगायची पद्धत नव्हती, कारण कानावर पडल्यानेच पुण्य मिळतं. ऐकणारे फुलं, फळं, पैसे ठेवून जात. ऐकणाऱ्याला न कळणारं वाचन हा या घराचा धंदा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. शिल्लक पैसा होता तो देवाला, ब्राह्मणांना, यात्रांना गेला होता. भांडी विकली, दागिने विकले. मजुरी करायची तर जात आडवी आली, भीक मागायची तर विद्येचा अभिमान. घरात चौदा विद्यांची माहिती होती, पण चार पैसे कमवायची एकही रीत कोणाला ठाऊक नव्हती. रमाबाईंनी यात वडिलांना फारसं सोडलेलं नाही, पण त्यांच्याविषयी लिहिताना हात हळवा होतो. दृष्टी गेलेल्या, थकलेल्या अनंतशास्त्रींनी धाकट्या लेकीला मिठीत घेऊन बजावलं होतं : देवाची सेवा कर, सरळ वाटेने चाल. १८७४ मध्ये ते गेले. पाठोपाठ आई गेली. तिची तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा मुलगा, चौथी रमा. ती ठेंगणी. खांदा पुरेना म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. थोरली बहीण पुढे पटकीने दगावली.

उरलेली दोघं चालत राहिली. त्यांच्या हिशेबाने चार हजार मैलांची पायपीट झाली. रानातली बोरं आठळ्यांसकट गिळून दिवस काढले. झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा वाळूत दोन खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. पोथ्यांत सांगितलेली व्रतं, उपास, दानं सगळं झालं होतं. फळ कुठे दिसत नव्हतं. श्रद्धा सुटली ती या वाटेवर. कोणी मिशनरी तिथे नव्हता, वादविवादही झाला नव्हता. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ‘पाद्र्यांनी नादाला लावलेली बाई’ हा आरोप रमाबाईंवर जन्मभर होत राहिला आणि मेल्यावरही थांबला नाही.

कलकत्त्याने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या मेळाव्यात संस्कृत बायबलही हाती आलं. भागवत मुखोद्गत असलेल्या बाईला त्या संस्कृताचा गंध लागेना, तेव्हा ते बाजूला पडलं. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रंही त्यांनी याच सुमारास बारकाईने वाचली आणि एक गोष्ट टिपली : एरवी कोणत्याही दोन ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, पण बाईची जात वाईट आणि तिला स्वतंत्रपणे मोक्ष नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

१८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर लग्न केलं. सिलचरच्या घरातल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली, आणि हे पुस्तक मात्र समजलं. गावातल्या एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून दिला. मिशन शाळेत शिकलेल्या नवऱ्याला हे वेड पसंत नव्हतं. वाद वाढायच्या आतच, फेब्रुवारी १८८२मध्ये, पटकीने त्यांनाही नेलं. पदरी लेक मनोरमा, जेमतेम दहा महिन्यांची.

पुण्यात आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढची जबानी हे सगळं एका वर्षात उरकलं. १८८३मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. वैद्यकी शिकायचा बेत होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने ते दार बंद झालं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांकडे उतरल्या असताना त्यांना लंडनमधल्या फुलम इथल्या आश्रमात नेण्यात आलं. ‘बिघडलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे सिस्टर सांभाळत होत्या. अशा बायकांचं धर्मशास्त्रात काय होतं ते रमाबाईंना पाठ होतं. या सिस्टर असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय पुढे आला : विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याशी भर दुपारी देवाविषयी बोलत बसलेला येशू. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे एखादी साक्ष संपली असती. रमाबाईंची खरी भांडणं इथून सुरू होतात. त्रैक्याचा सिद्धान्त आणि कुमारीच्या पोटी जन्म त्यांना पटेना. बिशपांच्या अधिकाराची परंपरा प्रेषितांपासून अखंड चालत आली आहे, हे मानायला त्यांनी नकार दिला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून ते खाल्लं नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना लिहिलेली रमाबाईंची पत्रं वाचली की पुण्यातले सनातनी आणि इंग्लंडातले धर्माधिकारी यांना या बाईने एकाच मापाने मोजलं हे दिसतं. ब्राह्मणांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं होतं आणि दुसरं घ्यायची तयारी नव्हती. जेराल्डिनला हा गर्व वाटला. मला तो बालपणीच्या संस्काराचा भाग वाटतो. पंडितांपुढे पोथी उघडून वाद घालणाऱ्या बापाची लेक पाद्र्यांपुढे पोथी मिटून कशी बसणार?

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. हे त्यांनी लपवलेलं नाही. तोवर हिंदुस्थानात परतून त्यांनी मुंबईत ११ मार्च १८८९ला विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली होती आणि ती पुण्याला हललीही होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात यावरून १८९३मध्ये गहजब झाला. सुधारक रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे दोष एकाच बाजूचा होता असं म्हणवत नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं वचन आणि दार उघडं ठेवून प्रार्थना करायचा हट्ट, हे दोन्ही एका छपराखाली नांदणं कठीणच होतं.

१८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंकडे पैसा नव्हता, जागा नव्हती. पण बोरांच्या आठळ्या गिळलेल्या माणसाला अशी बातमी घरात बसून वाचवत नाही. त्या निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बाल्यावस्थेतच विधवा झालेल्या पोरी शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात इतक्या जणींना ठेवायची परवानगी मिळेना. संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं म्हणून केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथे गवती झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती सदन झालं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली. ‘बिघडलेल्या’ बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलमला पाहिलेलं इथे उतरलं. शेती, दूध, विणकाम, तेलाचा घाणा, सगळं बायकांच्या हाती होतं. आपल्या घरी एकालाही पोटापुरतं कमवता येत नव्हतं, हे बाईंच्या मनातून कधी गेलं नसावं. मुक्तीत प्रार्थनेइतकंच हाताच्या कामाला मोल होतं.

या कामांत छापखानाही होता. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातून आलेल्या, नुकती अक्षरं लावू लागलेल्या बाईला ते परकं. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलचं भाषांतर एकटीने सुरू केलं. दुष्काळातून आलेल्या मुली खिळे जुळवत, प्रूफं काढत, फर्मे छापत, पुस्तकं बांधत. ज्या पोरींच्या कानांवर पोथी पडायचीही शक्यता नव्हती, त्यांच्या बोटांना आता लूक आणि योहान ओळी-ओळीने ठाऊक होत होते. भाषांतर मुळाला घट्ट धरून चालतं आणि वाचायला नेहमीच गोड लागतं असं नाही. बाईंना सौंदर्यापेक्षा समजण्याची फिकीर होती.

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. मुक्तीची सूत्रं जिच्या हाती द्यायची ती लेक चाळिशीतच गेली. रमाबाई स्वतः पार थकल्या होत्या, तरी प्रूफांचं काम थांबलं नाही. ते संपवून ५ एप्रिल १९२२ला त्यांनी देह ठेवला. पूर्ण बायबल १९२४मध्ये छापून बाहेर आलं. बहुतेक मराठी चर्चमध्ये वाचलं गेलं ते बायबल सोसायटीचंच; रमाबाईंचं भाषांतर केडगावबाहेर फारसं रुळलं नाही, आज ते मुख्यतः अभ्यासकांच्या हाती दिसतं. मुक्ती मिशन मात्र दौंड तालुक्यात त्याच जागी आहे, आणि निराधार बायका-मुलींना सांभाळायचं काम तिथे अजून चालू आहे.