अर्ज आणि अर्जी

सीमाभागातील माणसाला स्थलांतर नवे नाही. बोरगावसारख्या गावाची तर दिशाही ठरलेली असते. दूधगंगेच्या खोऱ्यातील हे गाव पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, आता निपाणी तालुक्यात आहे. पण गावाचे पाय रोज वळतात ते इचलकरंजीकडे. मागावरचे काम तिकडे, दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ताही तिकडेच. मध्ये राज्याची हद्द लागते, हे बसच्या पाटीवरील लिपी बदलली म्हणजेच ध्यानात येते.

आम्ही उभयता मात्र २०१६ च्या जूनमध्ये दक्षिणेकडे निघालो. मुलीच्या शिक्षणासाठी बेळगावात बिऱ्हाड करायचे ठरले. जिल्हा तोच, राज्य तेच, अंतर निपाणीपासून सुमारे पाऊणशे किलोमीटर. तरीही गावातील एका ज्येष्ठांनी विचारले, "इचलकरंजी टाकून बेळगाव? तिथं आता मराठीत काय चालतंय?" प्रश्न रास्त होता. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले होते. पाट्या बदलल्या होत्या. नव्या शहरात आपली भाषा कोठे सापडेल आणि सापडली तर आपण तिच्यासाठी नेमके काय करू शकू, याचा शोध आम्हांला पुढील काही वर्षांत घ्यावा लागला. तो सांगण्यासाठी हा लेख.

वडगावात घर मिळाले. दिवसभर शेजारच्या मागांचा खडखडाट चाले आणि त्यामुळे पहिल्याच आठवड्यात परकेपणा निम्मा गेला. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला शांत गल्लीच अधिक जड जाते. बोली मात्र वेगळी होती. बोरगावकडे आम्ही 'काय करालाईस' असे विचारतो. येथे 'काय करूलास' असे विचारतात. आम्ही 'जाल्लोय' म्हणतो, येथे 'जाऊलोय' म्हणतात. एकीकडे 'करायला लागणे' आणि दुसरीकडे 'करू लागणे' अशा दोन जुळ्या प्रयोगांची ही झिजलेली रूपे दिसतात. पुण्याच्या पाहुण्याला दोन्ही सारखीच 'कानडी हेलाची' वाटतात. आम्हांला मात्र एकाच नदीच्या दोन काठांवरचे पाणी चाखल्यासारखे झाले. आमच्या बोलण्याला शेजारच्या काकू हसल्या, त्यांच्या 'होय ओ, या की ओ' ला आम्ही हसलो आणि ओळख झाली. स्वयंपाकघरात तर सीमावाद शिरूच शकत नाही असे दिसले. आमचे तूप त्यांचे 'तुप्प', आमची विळी त्यांची 'ईळिगे'. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांत सारखेच.

नव्या गावात माणूस एकटा पडू नये म्हणून छंद उपयोगी पडतो. आमचा छंद वाचनाचा, तोही साधा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ते नऊ वर्षांनी वडील. वर्गणी भरली आणि पुस्तकांच्या वाटेने शहराची माणसे कळू लागली. निपाणी सोडताना महामार्गावर जो तवंदीचा घाट लागतो, ते तवंदी इंदिरा संतांचे मूळ गाव. त्या कोल्हापूर-पुण्यास शिकल्या आणि आयुष्याचा फार मोठा काळ बेळगावात अध्यापनात घालवून याच शहरातून मराठी कवितेला समृद्ध करीत राहिल्या. १९८४ साली त्यांच्या 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवत असत. पण त्यांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या पुस्तकांतील लंपन बोलतो तो या भागातील, कन्नडचे शब्द सहज खिशात बाळगणारी मराठी. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला बेळगावी आले, तेव्हा तेही येथे नवखेच होते. 'गणगोत'मधील रावसाहेब त्यांना येथेच भेटले आणि कन्नड वळणाची बेळगावी मराठी त्या लेखामुळे साऱ्या महाराष्ट्राच्या कानी पडली. आमच्यासारख्या नवागतांना यातून एक धीर मिळाला. या शहराने नेहमीच बाहेरून आलेल्यांना मराठीचे काम दिले आहे आणि ते करताना कन्नड कोणाच्या आड आलेली नाही.

आमचे स्वतःचे काम मात्र पुस्तकांतून आले नाही, एका पाकिटातून आले. गल्लीतील एक वृद्ध विणकर, ज्यांना सारे मामा म्हणतात, एका सकाळी सरकारी पत्र घेऊन दारात उभे राहिले. "काय लिवलंय बघा की ओ जरा." मामांचे कन्नड बोलणे आमच्याहून चांगले, बाजारात, मागावर, दोन्ही भाषा ते एकाच दमात बोलतात. पण शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. कन्नड अक्षर त्यांना अनोळखी. आम्हांला बोरगावच्या शाळेत कन्नड शिकावे लागले होते, म्हणून पत्र वाचता आले. त्यांच्या वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा पुरावा पंधरा दिवसांत द्यायचा होता. पत्र येऊन बारा दिवस झाले होते. तेवढे दिवस ते देवापुढे ठेवलेले होते.

मामांचे काम तीन दिवसांत झाले. पण ही गोष्ट गल्लीत फिरली आणि मग पाकिटे येऊ लागली. शेवटी रविवारी सकाळी दहा ते बारा अशी वेळ ठरवली. मंदिराच्या कट्ट्यावर एक सतरंजी, दोन पेने, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. पहिल्या रविवारी तिघे आले. कोणाची पाणीपट्टी, कोणाची शिधापत्रिका, कोणाच्या जमिनीची पहाणी. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, त्याच्या जागी इकडे पहाणी असते आणि ती कन्नडात येते. एका आजींच्या पेटीत तर आमच्या प्रदेशाचा भाषिक इतिहासच घडी करून ठेवलेला होता. सासऱ्यांचे खरेदीखत मोडीत, नवऱ्याच्या नावची जुनी पावती बाळबोधीत आणि आजचा उतारा कन्नडात. शेत तेच, बांध तेच, घरही तेच. तीन पिढ्यांत तीन लिप्या झाल्या आणि आजींना त्यांपैकी एकही वाचता येत नव्हती.

हे काम करताना एक गोष्ट आम्हांला उमगली, ती भाषेच्या अभ्यासकांनीही पाहावी. कन्नड कागदातील शब्द आम्ही मोठ्याने वाचत गेलो तसतशा ऐकणाऱ्यांच्या माना हलू लागल्या. 'अर्जी' म्हणजे अर्ज. 'अर्जिदार' म्हणजे अर्जदार. कचेरी ती कचेरीच. 'दाखले' म्हणजे कागदोपत्री पुरावा, आपल्या दाखल्याचा सख्खा भाऊ. 'जमीनु', 'नकलु', 'रशीदि', 'वारसुदार', 'बाकी', 'सही', 'दिनांक'. फारसीतून आलेले, पेशवाईत आणि संस्थानांत मराठी दप्तरात मुरलेले कितीतरी शब्द कन्नड कचेरीतही तितकेच नांदत आहेत. अडतात ते 'हेसरु' म्हणजे नाव, 'तंदे' म्हणजे वडील, 'ऊरु' म्हणजे गाव असे मोजके शब्द आणि मामांसारख्यांना तेही बोलण्यात ठाऊकच असतात. मग कुलूप आहे कोठे? ते शब्दांवर नाही, लिपीवर आहे.

लिपीचे कुलूप फार अवघडही नाही. क, ख, ग, घ हाच क्रम, बाराखडीसारखीच 'कागुणित'. ज्याने बाराखडी घोकली त्याला नवे फक्त आकार शिकायचे असतात. म्हणून आम्ही कट्ट्यावर पाटी ठेवली आणि ज्यांना इच्छा असेल त्यांना कन्नड अक्षरे दाखवू लागलो. मामांनी तीन महिन्यांत स्वतःचे नाव, गल्लीचे नाव आणि 'कोनेय दिनांक', म्हणजे शेवटची तारीख, एवढे वाचायला घेतले. आता पत्र देवापुढे जाण्याआधी तारीख पाहिली जाते.

येथेच आमच्यावर आक्षेप आला आणि तो परक्याकडून नव्हे, चळवळीतील एका जिवलग सहकाऱ्याकडून. "आम्ही मराठीत कागद मिळावेत म्हणून आयुष्यभर मोर्चे काढले. तुम्ही आमच्याच म्हाताऱ्यांना कन्नड शिकवताय. उद्या साहेब म्हणतील, यांना कन्नड येते, मराठी कागद कशाला?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या तीन पिढ्यांनी जे सोसले त्यातून तो आलेला आहे. त्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची वाट आम्हीही पाहतो आहोत. पण निवृत्तिवेतनाला पंधरा दिवसांची मुदत असते. सत्तरीच्या माणसाने औषधाच्या पैशांसाठी निकालाची वाट पाहायची नसते. दुसरे असे की, हक्क हा अज्ञानावर उभा नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार देतो. ज्याला दुसरी भाषा येत नाही त्यालाच तो आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा अनुच्छेद ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचा ३५०-ब आला. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे तत्त्वही केंद्राने त्याच काळात मान्य केले. कन्नड वाचता आल्याने यातील एकही अक्षर पुसले जात नाही. उलट कन्नड वाचता येणारा मराठी माणूसच अधिकाऱ्याला सांगू शकतो की, आपल्या सूचनेत काय लिहिले आहे आणि ते आमच्या भाषेत का असायला हवे.

या विचारातून कट्ट्यावर एक रीत पडली. प्रत्येक कामासाठी दोन कागद करायचे. एक 'अर्जी', कन्नडात, काम व्हावे म्हणून. दुसरा 'अर्ज', मराठीत, याच कामाचे उत्तर व यापुढील सूचना मराठीतही मिळाव्यात म्हणून. दोन्ही एकाच खिडकीवर द्यायचे आणि दोन्हींवर पोच घ्यायची. अर्जीवर बहुधा काम होते. अर्जावर बहुधा नुसता शिक्का मिळतो. एका कचेरीत तर तोही तिसऱ्या खेपेस मिळाला. पण शिक्क्यांचे हे कागद वहीला लावून ठेवले आहेत आणि त्यांच्या प्रती भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवतो. 'मराठीत कागद कोणी मागतच नाही' असे उद्या कोणी म्हणाले, तर तारीखवार उत्तर देता येईल. आक्षेप घेणारे सहकारी आता महिन्यातून एकदा कट्ट्यावर येतात. अक्षर त्यांचे सुरेख आहे. मराठी अर्ज तेच लिहितात. कन्नड पाटीकडे मात्र अजून पाठ करून बसतात. मतभेद राहिला आणि कामही राहिले.

शनिवारी संध्याकाळी घरी मुलांचे वाचन असते. आरंभी मराठी शाळेतील पाच-सहा मुले येत. मग त्यांच्यामागून कन्नड घरातील दोघी बहिणी आल्या. त्या 'चाक' आणि 'चार' यांतील च एकसारखाच उच्चारत, कारण कन्नडात दंततालव्य च नाही. आमची मुले हसली. तेव्हा थोरलीने फळ्यावर 'केरे' हा शब्द कन्नडात दोनदा लिहिला आणि आमच्या मुलांना वाचायला लावला. पहिल्यातील ए ऱ्हस्व, अर्थ तलाव. दुसऱ्यातील दीर्घ, अर्थ धामण. आमच्या सगळ्या मुलांना तलावात धामणच दिसली! त्या दिवसापासून हसणे दोन्ही बाजूंनी सुरू झाले. आमची खरी काळजी मात्र निराळी आहे. आता या वाचनाला येणाऱ्या मुलांपैकी बरीच इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना मराठी बोलता येते, मराठी गोष्ट वाचताना मात्र बोट अक्षराखाली अडखळते. मामांचे कुलूप कन्नड लिपीवर होते. ही मुले मोठी होतील तेव्हा ते आपल्याच बाळबोध लिपीवर नसावे, यासाठी शनिवारचे दोन तास आहेत.

अशी कामे करणारे आम्ही एकटे नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी आणि आमच्या बोरगावशेजारचे कारदगा येथे गावकरी स्वतः मराठी साहित्य संमेलने भरवतात. त्यांतील एका संमेलनात आम्ही सतरंज्या घालायला आणि पंक्तीत वाढायला होतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शेतकरी डोक्यावर ग्रंथ घेतात, दुपारी हजारो माणसे जेवून पुन्हा व्याख्यानाला बसतात. वाढपी असेल तेथे भाषेलाही घर असते.

दरवर्षी जूनमध्ये आमच्या भागातील मुले-मुली हुबळी, बंगळूर, पुणे, मुंबईकडे निघतात. त्यांना अनुभवाने एवढेच सांगावेसे वाटते. पहिल्या महिन्यात वाचनालय शोधावे आणि वर्गणी भरावी. आपल्या बोलीला कोणी हसले तर तिचा उगम सांगता यावा इतके तिच्याविषयी जाणावे. आपल्याला दोन लिप्या येतात, ही आपल्या खडतर इतिहासाने दिलेली मिळकत आहे. पुण्याच्या इस्पितळात कन्नड बोलणारी एखादी आई गोंधळलेली दिसेल, बंगळूरच्या कचेरीत एखादा मराठी मजूर कागद उलटासुलटा करीत उभा असेल, तेथे ती खर्च करावी. आठवड्यातून दोन तास पुरतात. आणि कोणासाठी अर्ज लिहायचा झाला तर दोन्ही भाषांत लिहावा, दोन्हींवर पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.